कळण्याच्या डब्यातला प्रकल्प

मोताळ्याच्या भागवतराव खर्च्यांचा तोंडावर अपमान करायची हिंमत आजवर तालुक्यात कोणी केली नव्हती. ती शेवटी त्यांच्या घरातल्या कम्प्युटरनं केली. बटण दाबलं की पडद्यावर पाटी यायची, की या सिस्टीमची सेवा आता बंद झाली आहे, आणि नवी घालावी म्हणाल तर आपलं यंत्र त्या योग्यतेचं नाही. भाषा अगदी सभ्य. पण कचेरीत हेडक्लार्क म्हणून आयुष्य घातलेल्या माणसाला सभ्य भाषेतला अपमान बरोबर ओळखू येतो. तसले त्यानं स्वतः पुष्कळ लिहिलेले असतात.

"चांगला चालून राह्यला, गरम होत नाही, आवाज करत नाही, आन् म्हणे लायक नाही!" भागवतराव कडाडले. "मलेही असंच केलं होतं. हार घातला, नारळ देल्ला, आन् म्हणे या आता."

"तुमी आवाज करत होते पण," आतून जयमालाबाई म्हणाल्या.

तसं त्या कम्प्युटरवाचून भागवतरावांचं काही अडत नव्हतं. ते त्यावर पत्ते खेळायचे आणि विजेचं बिल उघडून हळहळायचे. अडणार होतं जयमालाबाईंचं. दहावी झाल्या झाल्या बोहल्यावर चढलेल्या या बाईनं, पोरं मार्गी लागल्यावर, मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं होतं. आता शेवटचं वर्ष, आणि त्यात एक प्रकल्प. विषय त्यांनी स्वतः निवडला: मोताळ्याच्या आठवडी बाजारातल्या विक्रेत्या बाया. वर्षभर दर बाजाराला त्या कांदे, लसूण, बांगड्या आणि सुकी मासळी यांच्या मधोमध गोणपाट टाकून बसल्या, बायांशी बोलल्या, आणि ऐकलेलं कागदावर उतरवून घरी आणलं. हा प्रकल्प वेळेत मलकापूरच्या अभ्यासकेंद्रात पोचला तर जयमालाबाई पदवीधर होणार होत्या. नाही पोचला तर वर्ष वाया. आणि अजून एक वर्ष रेटायचं बळ आपल्यात उरलंय का, याची त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती.

टायपिंगचं खातं भागवतरावांकडे होतं. टाईपरायटरवर त्यांची बोटं अशी चालायची, की शेजारच्या टेबलावरचे लोक चहा सोडून बघत बसत, असं ते स्वतः सांगत. घरच्या कम्प्युटरवर त्यांनी विकतचा मराठी टायपिंगचा प्रोग्राम घालून घेतला होता, त्याचा की-बोर्ड टाईपरायटरसारखाच. जयमालाबाई लिहायच्या, भागवतराव टाईप करायचे. पक्की प्रत तयार झाली की कच्चा मसुदा जवळ ठेवू नये, हा कचेरीतला नियम. त्यांनी तो घरी लागू केला आणि लिहिलेले कागद रद्दीवाल्याला देऊन टाकले. पुढल्या बाजारात जयमालाबाईंनी चिवडा घेतला तो त्यांच्याच हस्ताक्षराच्या पुडीत आला. त्या चार दिवस बोलल्या नाहीत.

तर सांगायचं हे, की अख्खा प्रकल्प जगात एकाच ठिकाणी होता, आणि ते ठिकाण नालायक ठरलं होतं.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या पुष्पाबाई मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या आणि कम्प्युटरवरून उतरवून गेल्या. त्यांचं म्हणणं, जयमाला शिकून राह्यली हे पाहवत नाही काही जणींना. चक्कीवाला कडूबा म्हणाला, "भागवतभाऊ, डबडं खोला, आन् कॉम्प्रेसरनं हवा मारा. माह्या चक्कीची मोटर अशीच सुधरली." नवाच घ्या, असंही चार जणांनी सुचवलं. असे सल्ले देणारे लोक खरेदीच्या वेळी कुठं जातात, हा एक अभ्यासाचा विषय आहे.

शेवटी शेजारच्या अजीजुन्निसा मॅडम आल्या. या उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या. शाळेतले सगळ्यांनी टाकून दिलेले कम्प्युटर त्यांनी लिनक्स नावाची दुसरी सिस्टीम घालून चालवले होते, आणि तेव्हापासून कुठलीही जुनी वस्तू दिसली की त्यांच्या अंगात उत्साह संचारायचा. "भाईसाब, रोता कशाले? लिनक्स टाकू. चांगला घोड्यावाणी पळीन."

"किती लागतीन?"

"फुकट."

या शब्दावर भागवतरावांचा चेहरा आंबट झाला. नोकरीत ज्यांनी ज्यांनी 'फुकट' म्हटलं होतं त्यांचे चेहरे त्यांना आठवले. "फुकट कोण देते मॅडम? कोणाची हाये ही लिनक्स? मालक कोण?"

"मालक कोणीच नाही. दुनियाभरचे लोक मिळून बनवते, आन् दुसऱ्याले देते."

"त्याइचा फायदा काय?"

"भाईसाब," मॅडमनी चष्मा काढला, "मी तुमाले ईदचा शीरखुर्मा पाठवतो, तेव्हा इचारता का फायदा काय म्हणून?"

भागवतरावांनी शीरखुर्मा आजवर दोन-दोन वाट्या खाल्ला होता.

मॅडमनी बजावलं होतं की सगळं पुसलं जाईन, तेव्हा काम दोन जागी काढून ठेवा. भागवतराव म्हणाले, एक पुरे. एक पेनड्राईव्ह घेतली, प्रकल्प आणि विजेची बिलं तीत टाकली, आणि जयमालाबाईंच्या हाती दिली. "जपून ठेव. जिवापाड." जयमालाबाईंनी ती जिवापाड ठेवली. कुठं, ते भागवतरावांनी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. बायकोच्या सुरक्षित जागा नवऱ्यानं विचारू नयेत, अशी आपल्याकडे रीत आहे, आणि ती सहसा नवऱ्याच्या भल्याचीच असते.

लिनक्स घालायचा दिवस मॅडमनी नेमका बाजाराचा धरला. जयमालाबाईंना लसूणवाल्या भिमाबाईंचं गाव पक्कं विचारायचं होतं, त्या पिशवी घेऊन बाजारात गेल्या. इकडे पडद्यावर प्रश्न सुरू झाले. आपली भाषा? मराठी. ती यादीत सापडली तेव्हा भागवतरावांना आतून बरं वाटलं. आपलं ठिकाण? त्यात मोताळा नव्हतं, बुलडाणा नव्हतं, मुंबईसुद्धा नव्हती. होतं फक्त कोलकाता.

"आपण कलकत्त्याचे कुठून?" भागवतरावांनी हरकत घेतली. "उद्या रहिवासी दाखल्याची भानगड व्हाची."

"घड्याळासाठी हाये ते, भाईसाब. दाबा."

त्यांनी अनिच्छेनं कोलकाता दाबलं. मग सगळं पुसू का, असं यंत्रानं विचारलं. भागवतरावांनी देवाचं नाव घेतलं आणि पुसलं. एक पट्टी हळूहळू सरकायला लागली. भागवतराव तिच्याकडे असे टक लावून बसले की मॅडम कंटाळल्या. "भाईसाब, पाह्यल्यानं लवकर होत नाही. काही घरचं काम करा जा."

आता घरचं काम करा म्हटल्यावर भागवतराव सहसा बहिरे होत. पण त्या दिवशी जीव थाऱ्यावर नव्हता. स्वयंपाकघरात कळण्याचा डबा दिसला, ज्वारी आणि उडीद मिसळून दळायला तयार. जयमालाबाई चार दिवसांपासून दळण दळण करत होत्या. भागवतरावांना वाटलं, चला, आज बायको आल्यावर खूश होईल. डबा स्कूटरवर घातला, कडूबाच्या चक्कीवर नेऊन रांगेत ठेवला, आणि लाईट गेलेली होती म्हणून परत आले.

घरी येतात तो कम्प्युटर तयार. पडदा स्वच्छ, पाटी नाही, नालायक कोणी म्हणत नाही, आणि उघडायला लागणारा वेळ इतका कमी की भागवतरावांनी तीनदा बंद करून तीनदा उघडून पाहिला. तेवढ्यात जयमालाबाई आल्या. त्यांनीही पाहिलं, हसल्या, आणि सहज म्हणाल्या, "पेनड्राईव्ह काढून घेतली न?"

"कुठून?"

"कळण्याच्या डब्यातून. दुधाच्या पिशवीच्या तुकड्यात बांधून खाली ठेवली होती. माही सोन्याची पोत असते न तिथं, तिथंच."

भागवतरावांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. डब्याच्या जागी डब्याचा गोल डाग होता. आणि त्याच क्षणी गल्लीतले पंखे सुरू झाले. लाईट आली होती.

पुढचं वर्णन पुष्पाबाईंनी केलेलं जास्त चांगलं आहे, कारण त्यांनी ते ओट्यावरून पाहिलं. त्या सांगतात की पुढे भागवतराव बनियनवर, मागे जयमाला एका चपलेवर, त्यांच्या मागे अजीजुन्निसा मॅडम 'भाईसाब, रुको' करत, आणि चक्कीची टुक-टुक साऱ्या गल्लीत. भागवतराव पोचले तेव्हा कडूबा रिकामा डबा उलटा करून त्याच्या बुडावर थापट्या मारत होता.

"बंद कर! कडूबा, बंद कर बे!"

कडूबानं चक्की बंद केली. जयमालाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. नुसत्या चक्कीखाली पडलेल्या पिठाकडे बघत राहिल्या. भागवतरावांना वाटलं, ही ओरडली असती तर बरं झालं असतं.

"झालं काय पण?" कडूबानं विचारलं. सांगितल्यावर त्यानं कपाळावरचं पीठ पुसलं आणि गंभीरपणे वरच्या पेटीकडे बोट केलं. "माह्या चक्कीत लोखंड जातच नाही. चुंबक हाये." पेटीतून धान्य ज्या पत्र्यावरून खाली घसरतं तिथं त्यानं हात घातला आणि लोहचुंबक बाहेर काढलं. त्याला दोन खिळे, एक स्क्रू, अर्धं ब्लेड चिकटलेलं होतं. आणि दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली, बुडाशी पत्रा असलेली पेनड्राईव्ह.

भागवतरावांनी आयुष्यात कोणाच्या पाया पडताना पद पाहिलं होतं. त्या दिवशी पाहिलं नाही. कडूबा दोन पावलं मागे सरकला.

आनंद इतका झाला की तो टिकणं शक्यच नव्हतं. दळणाला आलेल्या मंडळींत पुष्पाबाई येऊन पोचल्या होत्या. त्या म्हणाल्या, "चुंबक लागल्यानं आमच्या ह्याइचं एटीएम कार्ड बंद पडलं होतं. याच्यात काही राह्यलं असीन का?" आणि घरी येऊन फाईल उघडली तर खरंच. पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलर, उद्गारचिन्हं. मराठी शब्द नावाला नाही. पानामागून पानं तशीच.

"चुंबकानं पार कालवलं," भागवतराव म्हणाले, आणि ही गोष्ट गल्लीतून चक्कीपर्यंत पोचली. कडूबा चक्की बंद करून, तसाच पांढराफेक, दारात हजर झाला. "भागवतभाऊ, माह्या चुंबकानं आजलोक साऱ्या मोताळ्याचे दात वाचवले. त्याच्यावर असा आळ? तुमी डब्यात पेनड्राईव्ह घालून आणता, आन् दोष चुंबकाले?"

माणूस रास्त बोलत होता. भागवतरावांनी नजर चुकवली.

मॅडमनी दोघांनाही हातानं गप्प केलं आणि पेनड्राईव्हवरचं विजेचं बिल उघडलं. ते जसंच्या तसं होतं, थकबाकीसकट. "चुंबकानं बिल सोडलं आन् मराठीच खाल्लं का? चुंबक नाही भाईसाब. तुमचा तो जुना टायपिंगचा प्रोग्राम. त्याच्यात आतून अक्षर इंग्रजीच राह्यते, वरून मराठीचं सोंग. प्रोग्राम गेला, सोंग उतरलं."

कडूबानं "पाह्यलं?" एवढंच म्हटलं. पण इतकं समाधान भागवतरावांनी पेन्शनरांच्या तोंडावरही पाहिलं नव्हतं. जयमालाबाईंनी त्याला आत बोलावून चहा दिला, आणि तोही पीठ झटकून ओट्यावर बसला तो निकाल लागेपर्यंत हलायचं नाही असं ठरवूनच.

अभ्यासकेंद्राला फोन केला तर मुदत वाढत नाही, असं उत्तर आलं. जुना प्रोग्राम लिनक्सवर चालेना. मॅडमनी मग लिनक्सवाल्यांच्या एका गटावर प्रश्न टाकला, की मोताळ्याच्या एका बाईचा प्रकल्प असा असा अडकला आहे, कोणाला काही सुचतं का. भागवतराव म्हणाले, कोण उत्तर देणार? ना ओळख, ना अर्ज, ना शिक्का. पण दुसऱ्या दिवशी दुपारी पाहतात तो उत्तरं येऊन पडलेली. कोणी फाईलचं एक पान मागितलं, कोणी कुठला फाँट आहे ते ओळखून दिलं. आणि एकानं लिहिलं की मी फार वर्षांपूर्वी नेमक्या याच अक्षरांसाठी एक प्रोग्राम लिहून ठेवला आहे, पहा चालतो का. सोबत दोन ओळी: वापरा. सुधारता आला तर सुधारा. दुसऱ्याला द्या.

चक्की सोडून पुन्हा आलेल्या कडूबासमोर मॅडमनी फाईल त्यात घातली. पडद्यावर डॉलर आणि कंस गेले आणि अक्षरं उमटली. मोताळ्याच्या आठवडी बाजारातील स्त्री विक्रेत्या.

जयमालाबाईंनी पदर तोंडाला लावला. भागवतराव पुन्हा पुन्हा ती पहिली ओळ वाचत होते. साऱ्या नोकरीत त्यांनी कोणाला काही दिलं ते अर्ज आल्यावर, आणि अर्जात त्रुटी नसल्यावर. इथं एक माणूस, ज्याचं तोंड पाहिलेलं नाही, त्यानं आपल्यासाठी आधीच काम करून ठेवलं होतं आणि ज्याला लागेल त्याच्यासाठी मोकळं ठेवून दिलं होतं. "कडूबा, जरा दूर बस," ते म्हणाले, "तुह्यं पीठ डोळ्यात जाऊन राह्यलं."

पण सगळं सुटलं असं समजू नका. प्रोग्राम जुना होता. त्यानं काना एकीकडे, रफार तिसरीकडे नेऊन ठेवला होता. सगळी पानं हातानं दुरुस्त करायची होती, आणि लिनक्समधल्या अक्षरांच्या नव्या मांडणीवर भागवतरावांची ती सुप्रसिद्ध बोटं चालेनात. 'क'च्या जागी भलतंच यायचं. अर्ध्या पानातच ते घामाघूम झाले आणि म्हणाले की या की-बोर्डाला शिस्त नाही.

"सरका जरा," जयमालाबाई म्हणाल्या.

त्यांच्या बोटांना कुठली जुनी सवयच नव्हती, तेव्हा विसरायचं काही नव्हतं. मॅडमनी अक्षरांच्या जागा दाखवल्या. पहिल्या दिवशी एका ओळीला एक चहा लागला. मग हात बसला. आणि दुरुस्त करता करता त्या एका जागी थबकल्या.

"आवो, हे काय लिवलं? 'सदर विक्रेतीने व्यवसायातून समाधान मिळत असल्याचे नमूद केले.' हे रुखमाबाईनं कधी म्हटलं?"

"तसाच अर्थ होता," भागवतराव म्हणाले. "मी जरा नीट करून घेतलं."

"रुखमाबाई म्हणे, बाजारातच मले रुखमा म्हणते लोकं, घरी तं मी कोणाची आई नाहीतर कोणाची सासू. याच्यात समाधान कुठं नमूद केलं?"

मग त्यांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली. जिथं जिथं 'सदर' आणि 'नमूद' भेटलं तिथं तिथं त्या डोळे मिटून बाई काय म्हणाली होती ते आठवायच्या आणि तसंच्या तसं लिहायच्या. भागवतराव मागे खुर्ची टाकून बसले. एवढी सुबक वाक्यं डोळ्यांदेखत पुसली जाताना पाहणं सोपं नव्हतं. पण ऐकता ऐकता त्यांना बाजार ऐकू यायला लागला, आणि मग ते स्वतःच म्हणू लागले, "थांब, इथंही एक 'सदरहू' राह्यलं."

काम झाल्यावर त्या अनोळखी माणसाला कळवायचं ठरलं. भागवतरावांनी 'आपल्या तत्पर सहकार्याबद्दल' असा मजकूर सांगायला घेतला. जयमालाबाईंनी लिहिलं: भाऊ, तुमच्यामुळं माझं वर्ष वाचलं. मोताळ्याला कधीही या, कळण्याची भाकर आणि ठेचा खाऊ घालीन. उत्तर आलं: ताई, इतक्या वर्षांत कोणी वापरतं हेच मला माहीत नव्हतं. फार बरं वाटलं. कळणा म्हणजे काय?

मुदतीच्या आत दोघं मलकापूरला गेले. खिडकीवरच्या माणसानं पानं चाळली आणि म्हणाला, नियमपत्रकात जुन्या फाँटचं नाव आहे, हा दुसरा दिसतो. जयमालाबाईंचा चेहरा उतरला. भागवतरावांनी मात्र चष्मा लावला, पत्रक मागून घेतलं, शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "इथं 'शक्यतो' लिहिलेलं हाये साहेब. शक्य झालं नाही." खिडकीवरच्या माणसानं वर पाहिलं. समोर आपल्यातलाच कोणी आहे हे त्याला कळलं असावं. त्यानं शिक्का मारला.

पुढे तोंडी परीक्षेला दोघं पुन्हा मलकापूरला गेले. जयमालाबाई आत गेल्या, भागवतराव बाहेर बाकावर. दार नीट लागत नव्हतं. आत परीक्षक सर बाजाराबद्दल विचारत होते, त्या बोलत होत्या, मध्येच हसणं ऐकू येत होतं. मग पानांची सळसळ झाली आणि सर म्हणाले, "तुमचा ऋणनिर्देश वाचला मी. बाजारातल्या सगळ्या बाया आहेत. शेजारच्या मॅडम आहेत, मीठ-मोहऱ्यावाल्या पुष्पाबाई आहेत, चक्कीवाले कडूबा आणि त्यांचं लोहचुंबक आहे, न पाहिलेले प्रोग्रामवाले आहेत. यजमानांचं नाव कुठं दिसत नाही?"

बाकावर भागवतराव आखडून बसले. हे त्यांनीही पाहिलं होतं. शेवटची प्रत छापताना पाहिलं होतं, आणि गिळलं होतं. टायपिंग कोणी केलं, रात्रंदिवस खुर्ची टाकून कोण बसलं, मलकापूरला कोणी आणलं? पण मागून घ्यायची ती काय गोष्ट आहे?

मग जयमालाबाई त्यांच्या घरच्या बोलीत बोलू लागल्या.

"सर, ह्या साऱ्या लोकाइची गरज मले काऊन पडली? ह्याइच्यामुळंच. ह्याइनं माह्ये कागद रद्दीत देल्ले, ह्याइनं कम्प्युटर कोरा केला, डबाही ह्याइनंच चक्कीवर नेला. नाहीतर मी आपली लिवत राह्यली असती, हे टाईप करत राह्यले असते, आन् सारं ह्याइच्याच भाषेत तुमच्यापुढं आलं असतं. आज मले माह्या हातानं लिवता येते सर. आन् याच्यातलं एकेक वाक्य त्या बायाइचं हाये. आता तुमीच सांगा, एवढं सारं मी एका ओळीत कसं बसवू?"

सर खो-खो हसले. भागवतराव हसले नाहीत. आपले आभार मानले की वाभाडे काढले, हे त्यांना नीट ठरवता येईना, आणि ठरवावंसं वाटेना. एवढं मात्र खरं, की निरोपाच्या हारानंतर इतकं भरून आल्यासारखं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

जयमालाबाई बाहेर आल्या. भागवतराव घाईनं वर्तमानपत्रात डोकं घालून बसले.

"काय इचारलं?"

"बाजाराचं इचारलं."

"आखीन?"

"आखीन हाये एक. घरी गेल्यावर सांगीन. चला."

ते उठले, वर्तमानपत्राची घडी घातली, ती चुकली, पुन्हा घातली. "जयमाला," ते म्हणाले, "तू लय चांगलं बोलली व."

जयमालाबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा त्या अर्धवट लागलेल्या दाराकडे.

"मंग घरी सांगाचं काम वाचलं," त्या म्हणाल्या, आणि मोताळ्याची बस पकडायला पुढे निघाल्या.